मेंदी लावलेलं पिल्लू

लोक मला फोटो पाठवतात. सकाळी दात घासताना, कुकर लावताना, एकदा तर नवऱ्याच्या मावशीच्या तेराव्याला पंगतीत बसले असताना. फोटोत शेत असतं, शेताच्या टोकाला एक तपकिरी ठिपका असतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘मॅडम, हे कोणतं हरीण?’ ठिपक्यावरून काही सांगता येत नाही हे मी पूर्वी समजावून सांगायची. आता फक्त ‘जवळून काढा’ एवढंच लिहिते. जवळून कोणी काढत नाही, कारण जवळ गेलं की ते पळतं.

मी वनरक्षक आहे. नोकरीची बरीच वर्षं झाली आणि गुडघ्यांना ती माझ्याहून जास्त वाटतात. माझं माहेर देऊळघाट. लहानपणी आम्हाला दोनच जनावरं माहीत होती, रोही, म्हणजे नीलगाय, आणि हरीण. पीक खाऊन माजलेलं आणि घोड्याएवढं ते रोही, बाकी सगळं हरीण. चितळही हरीण, भेकरही हरीण, चौशिंगाही हरीणच. त्या वेळी त्याने कोणाचं काही अडलं नाही. मलाही वेगवेगळी नावं कळली ती प्रशिक्षणात, चित्रांवरून. चित्रातली जनावरं आडवी, स्वच्छ आणि स्थिर उभी असतात. शेतातली तशी कधीच नसतात.

दुसरबीडच्या बाजूला माझी बदली झाली तेव्हा वाटलं होतं की आता सोपं जाईल. इथे डोंगर नाही, दाट झाडी नाही. उघडी शेतं आणि मधे मधे दगडी माळ. जनावरं मुख्यतः दोन, काळवीट आणि चिंकारा. काळविटाचा नर तर आंधळ्यालाही ओळखता येईल, काळा कोट आणि पीळ दिलेली शिंगं. त्रास द्यायला उरतात माद्या आणि पिल्लं. त्या सगळ्या मातकट, पोटाखाली पांढऱ्या आणि माझ्यापासून दूर.

मी रंगाकडे बघणं सोडून दिलं. रंग सकाळी एक असतो, संध्याकाळी दुसरा आणि धुरळ्यात तिसरा. मी आधी बघते की किती आहेत. मोठा घोळका असेल तर बहुतेक काळवीट. दोघं-तिघं असतील तर बहुतेक चिंकारा. मग गाडी थांबवते आणि काय करतात ते बघते. काळविटांमधलं एखादं उंच उडी मारतं, मग बाकीचेही उड्या मारत निघतात आणि क्षितिजापर्यंत थांबत नाहीत. चिंकारा थोडा पळतो, थांबतो आणि वळून बघतो. त्याची शेपटी काळी असते आणि सारखी हलते, काम नसलेल्या माणसाच्या पायासारखी. घाबरला तर पाय आपटतो आणि नाकातून शिंकल्यासारखा आवाज काढतो. जवळून दिसलाच, तर डोळ्यापासून नाकापर्यंत एक पांढरा पट्टा असतो आणि त्याला लागून गडद पट्टा. काळविटाच्या मादीच्या तोंडावर असे पट्टे नसतात, फक्त डोळ्याभोवती पांढरं वर्तुळ असतं.

हे सगळं माहीत असून रोजच्या कामात त्याचा फारसा उपयोग होत नाही. ज्याचं पीक गेलं त्याला कोणी खाल्लं याच्याशी देणंघेणं नसतं. नाव बरोबर सांगण्यावर एखाद्याचं खरंच काही अवलंबून आहे, असं माझ्या नोकरीत फार थोड्या वेळा झालं. त्यातली ही एक.

सोयाबीन काढणीचे दिवस होते. दुसरबीडजवळच्या एका खेड्यातून फोन आला. बोलणारा रस्त्यावर पंक्चरचं दुकान चालवणारा माणूस होता. त्याचं थोडं शेतही होतं, सोयाबीन आणि मधे तुरीची तासं, इकडे सगळे पेरतात तसंच.

“मॅडम, हरणाचं पिल्लू सापडलं. काल सकाळी सोंगणी चालू होती ना, तर बायांच्या विळ्यासमोरच निघालं. माय नाही, बाप नाही. घरी आणलं. आता केस होईन का आमच्यावर?”

“कालपासून घरात आहे?”

“हाव. अम्मीनं बकरीचं दूध पाजलं. मस्त हाय एकदम.”

मी डोकं धरलं. माय नाही असं प्रत्येकाला वाटतं. माय असते. ती पिल्लाला गवतात किंवा पिकात दडवून चरायला जाते आणि पिल्लू हलत नाही, कारण न हलणं एवढंच त्याला येतं. माणूस येतो, बघतो की बिचारं एकटं पडलंय, आणि दया येऊन उचलून नेतो. दरवर्षी सोंगणीला हेच. दयेमुळे जितकी पिल्लं वाया गेलेली मी पाहिली, तितकी कुत्र्यांमुळे नाही.

आमच्या रेंजच्या साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, “आधी काय आहे ते नक्की करा, मॅडम. तिकडचा काळविटांचा कळप महामार्गाच्या पलीकडे गेलाय, परवाच कळलं. आता मधे कुंपण आहे. काळवीट असेल तर त्याची आई सापडायची नाही, मी गाडी पाठवतो, प्राण्यांच्या बचाव केंद्रात जाईल. चिंकारा असेल तर आई तिथेच माळावर असेल, तुम्ही बघा.”

म्हणजे एवढंच होतं. काळवीट ठरलं तर पिंजरा, चिंकारा ठरला तर माळ. आणि काळविटाला चिंकारा समजून मी माळावर ठेवलं असतं, तर त्याला घ्यायला कोणीच आलं नसतं. कोल्हे आले असते. केंद्रात मी याआधी पिल्लं पोचवलेली आहेत. तिथली माणसं वाईट नाहीत. पण बाटलीवर वाढलेलं जनावर बाटली धरणाऱ्याच्या मागे फिरतं आणि मग त्याला कुठेच सोडता येत नाही. एक मादी मला अजून आठवते. जाळीपाशी कोणीही आलं की ती पळत येऊन त्याच्या शर्टाचं बटण चोखायची.

मी मोटरसायकल काढली आणि गेले.

घर गावाच्या कडेला, पत्र्याचं, पुढे बाभळीच्या काट्यांचं कुंपण. अंगणात शेळ्या. प्रत्येक शेळीच्या कपाळावर आणि पाठीवर मेंदीचा लाल डाग. घराची मालकीण, पंक्चरवाल्याची आई, साठीची असेल. बाजेवर बसली होती आणि तिच्या ओढणीत ते पिल्लू.

मी जवळ जाऊन पाहिलं आणि जागेवरच थांबले. पिल्लाचं कपाळ लाल होतं. गाल, नाकाडापर्यंत, सगळं लाल. कंबर लाल, शेपटीसुद्धा माखलेली.

“खाला, हे काय केलं?”

“मेहंदी लावली,” ती म्हणाली, जणू पाणी का पिता असं मी विचारलं होतं. “घरात नवीन लेकरू आलं का आपण मेहंदी लावतोच. चरायले गावची सगळी बकरी एकाच माळावर जाते, मग आपली कोणती कशी समजणार? हे तर सगळ्यात लहान. म्हणलं, थोडी जास्तच लावू.”

“अम्मी, तुले सांगितलं होतं न मी, लावू नको म्हणून,” मुलगा दारातून म्हणाला.

“तू गप बस. तू तर त्याले टायरच्या ट्यूबमधे ठेवायले निघाला होता.”

मी हसले नाही, कारण मला कळत होतं काय झालंय. जे पट्टे बघायला मी आले होते, नेमके तेच तिने रंगवले होते. हरीण ओळखायचं ते तोंडावरून आणि शेपटीवरून, आणि या बाईने तोंड आणि शेपटी दोन्ही मेंदीत बुडवली होती. उरलेलं पिल्लू मधल्या भागात मातकट आणि खाली पांढरं होतं, म्हणजे कोणाचंही असू शकत होतं.

कुठे सापडलं ते विचारलं. मुलगा मला धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत, घेऊन गेला. त्याच्या शेताच्या एका बाजूला सपाट वावरं, जिथे आठवड्यापूर्वीपर्यंत काळविटं चरत होती, आणि दुसऱ्या बाजूला चढत गेलेला दगडी माळ, चिंकाऱ्यांचा. पिल्लू सापडलं बरोबर मधे. सोयाबीन सगळं निघालं होतं, गंज्या रचल्या होत्या आणि पलीकडे मळणीचा हडंबा धूळ उडवत चालला होता. माग बघावा तर बायांच्या पावलांखाली सगळी माती पिठासारखी झालेली.

परत आले. ऊन डोक्यावर आलं होतं. खालाने चहा ठेवला आणि मी नको म्हटलं तरी दिला. मी पिल्लू मांडीवर घेतलं. ते घाबरलेलं नव्हतं, हीच वाईट गोष्ट होती. त्याने माझं बोट चोखायला सुरुवात केली.

“हरीणच हाय न मॅडम,” मुलगा म्हणाला. “मग त्यात एवढं काय बघता?”

“कोणतं हरीण, हा प्रश्न आहे. आणि तुम्ही जरा उन्हातून बाजूला व्हा.”

ऊन तोंडावर पडलं तसं मला दिसलं की लाल एकसारखं नाहीये. मी दर महिन्याला डोक्याला मेंदी लावते. पांढरा केस झाला की मेंदी त्यावर नारंगी चढते, भडक. काळ्या केसावर मात्र ती चढत नाही, कितीही वेळ ठेवा. माझी नणंद गेली दहा वर्षं हेच रडगाणं गाते, की पांढरे तेवढे पेटल्यासारखे दिसतात आणि काळे तसेच राहतात. पिल्लाच्या डोळ्यापासून नाकाकडे एक नारंगी रेघ होती, बाकीच्या लालपेक्षा कितीतरी उजळ. आणि तिच्या खालून दुसरी, जिच्यावर मेंदी नीट बसलीच नव्हती. तिथे केस गडद होते.

मी खालाला पाणी मागितलं आणि शेपटी धुतली. वाळलेला लगदा निघाला. खाली शेपटी काळी होती. ओली, चिमूटभर, आणि मेंदीचा नावालाही रंग नाही. काळवीट असतं तर शेपटी अंगाच्याच रंगाची असती आणि लाल झाली असती.

खात्री म्हणावी तर पूर्ण नव्हती. पिल्लांचं काहीच पूर्ण नसतं. पण मी साहेबांना फोन करून सांगितलं की चिंकारा आहे.

“नक्की?”

“नक्की.”

“माय येईल?”

“ते मला कसं माहीत असणार, सर?”

“दिवेलागणीपर्यंत बघा. नाही आली तर फोन करा, गाडी पाठवतो. रात्रभर तिथे उघड्यावर ठेवायचं नाही.”

फोन ठेवल्यावर मी खालाला म्हटलं की आता दूध पाजू नका. भूक लागू द्या, ओरडू द्या.

“उपाशी ठेवू?”

“हो.”

तिने दुधाचं भांडं उचलून आत ठेवलं. पाठीमागच्या खोपटात एक शेळी बांधलेली होती, दूध तिचंच. मुलाने मला हळूच सांगितलं की तिचं करडू चार दिवसांपूर्वी गेलं, आणि अम्मी तेव्हापासून त्या शेळीजवळच बसून असते. मी ते ऐकून घेतलं. माझ्या कामात त्याचं काही करता येण्यासारखं नव्हतं.

ऊन कलल्यावर आम्ही निघालो. सोयाबीन गेल्यामुळे आडोसा राहिला नव्हता, पण तुरीची तासं उभी होती. माळाला लागून असलेल्या शेवटच्या तासात मी पिल्लू ठेवलं. त्याआधी त्याला माळावरच्या मातीत लोळवलं, मेंदीचा आणि साबणाचा वास जाईल तेवढा जावा म्हणून. साबणही लावलेला होता, तो एक वेगळाच विषय. मग आम्ही लांब, एका गंजीच्या मागे जाऊन बसलो. मुलगा दुकानावर गेला. खाला मात्र येऊन बसली. मी नको म्हटलं होतं.

“मी काही बोलत नाही न. बसली फक्त.”

हडंबा बंद झाला. माळावर काही हललं नाही. माझे गुडघे दुखत होते आणि पाय पसरायला जागा नव्हती. मी दुर्बिणीतून दगड बघत होते. दगड, दगड, तरवडाचं झुडूप, दगड. दगडांपैकी एकाला कान होते.

“आली,” मी म्हणाले.

खालाला दिसेना. मी दुर्बीण दिली. तिने उलटी धरली, मग सुलटी. तेवढ्यात वरून आवाज आला, तुटक, नाकातला. मादीने पुढचा पाय आपटला आणि परत तसाच आवाज काढला.

“सर्दी झाली का तिले?” खाला कुजबुजली.

“आपल्याला शिव्या घालतेय.”

“मग बरोबर हाय तिचं.”

आणि हे बोलणं पिल्लाने ऐकलं. तुरीतून ते उठलं, कान उभे केले आणि माळाकडे नाही, आमच्याकडे चालू लागलं. लटपटत, सरळ गंजीच्या दिशेने. खालाचा आवाज त्याला कळत होता. कालपासून दूध याच आवाजाच्या बाजूने येत होतं.

माळावरची मादी वळली. थोडी पळाली, थांबली, मागे बघितलं.

“खाला, तुम्ही जा इथून,” मी म्हटलं. “आत्ता. बोलू नका, खोकू नका, गंजीच्या आडून सरळ घरी जा.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता वाद घालेल. तिने ओढणी तोंडात दाबली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि गेली. वाकून, गंजीच्या आडून, मग धुऱ्याच्या आडून. एकदाही वळली नाही. पिल्लू अर्ध्या वाटेवर थांबलं, ओरडलं. कोणी उत्तर दिलं नाही. मी श्वाससुद्धा बेतानेच घेत होते. ते पुन्हा ओरडलं आणि मग तिथेच, कापलेल्या सोयाबीनच्या खुंटांमध्ये बसलं. उघड्यावर, लाल तोंड घेऊन. एखादं कुत्रं तेवढ्यात फिरकलं असतं तर गोष्ट संपली असती.

उजेड जायला लागला होता. मी फोन हातात घेतला. साहेबांचा नंबर समोर होता. अजून थोडं, असं म्हणत मी तो दाबत नव्हते.

मादी उतरली. सरळ नाही, वळणं घेत, दर थोड्या पावलांनी थांबत. तुरीपाशी आली, जिथे पिल्लू ठेवलं होतं तिथे हुंगलं. मग बाहेर आली. पिल्लाजवळ जाऊन तिने त्याचं तोंड हुंगलं आणि दचकून मागे सरली. पाय आपटला. मेंदी. मला वाटलं, झालं. मग तिने त्याला मागून हुंगलं, शेपटीखाली, जिथे मी धुतलं होतं. बराच वेळ हुंगलं. पिल्लाने तिच्या पोटाखाली तोंड घातलं आणि ढुशी मारली. तिने पाय थोडे फाकवले आणि उभी राहिली. दोन काळ्या शेपट्या एकदम हलत होत्या, एक मोठी, एक चिमुकली.

ती त्याला घेऊन माळावर चढली तेव्हा दिसेनासं व्हायला आलं होतं. मी साहेबांना कळवलं. परतताना खालाच्या दारावरून गेले. ती चुलीपुढे होती.

“पाजलं?”

“पाजलं.”

तिने मान हलवली आणि भाकरी उलटली. मला जेवून जा म्हणाली नाही. त्या दिवशी मला तेच बरं वाटलं.

खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. माळावर लाल तोंडाचं चिंकाऱ्याचं पिल्लू फिरतंय हे रस्त्यावरच्या कोणाला तरी दिसलं आणि त्याने व्हिडिओ काढला. आठवडाभरात तो डोणगावपर्यंत पोचला. मला फोन येऊ लागले. “मॅडम, विदेशी हरीण आलंय का तुमच्याकडे?” एकाने तर ते आफ्रिकेतलं आहे असं खात्रीने सांगितलं आणि नावही सांगितलं. मोटरसायकली माळाकडे वळू लागल्या. एवढी वर्षं मी हरणं ओळखायला शिकले आणि आता तालुक्यातल्या कोणालाही लांबून ओळखता येईल असं एकच हरीण होतं, आणि नको त्या माणसालाही ते तितकंच ओळखता येत होतं. मी रोज संध्याकाळी माळावर चक्कर मारायला लागले. खालाचा मुलगा दुकानावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा की तिकडे जाऊ नका, बिबट्या आहे. बिबट्या नव्हता. मी त्याला अडवलं नाही.

खालाही विचारायची. मी दिसले की, “दिसली का माझी?” आणि मी सांगायची, दिसली, मायसोबत आहे. लाल डाग होता तोपर्यंत सांगता येत होतं.

थंडी सरली, पिल्लाचे केस गळायला लागले, नवे आले. डाग आधी कमरेवरचा गेला, मग कपाळावरचा. गालावरची नारंगी रेघ सगळ्यात शेवटी. मोटरसायकली बंद झाल्या. फोन परत नेहमीच्या ठिपक्यांवर आले.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला खाला मला माळाच्या कडेला भेटली, शेळ्या घेऊन. त्यात दोन नवी करडं होती, कपाळं लाल. वर चिंकारे होते, चार-पाच, त्यात अर्धवट वाढलेली दोन. मी दुर्बीण तिच्या हातात दिली. या वेळी तिने सुलटी धरली.

“कोणती माझी?”

मी पाहिलं होतं, गेले कित्येक दिवस रोज पाहत होते. शेपट्या काळ्या, पट्टे पांढरे, सगळ्यांचे सारखे.

“आता नाही सांगता येत, खाला.”

तिने बराच वेळ पाहिलं. मग दुर्बीण परत दिली.

“मग दुसऱ्या कोणालेबी नाही येणार सांगता,” ती म्हणाली आणि शेळ्यांमागे निघाली.